२०२६ साठी पार्ट डी निवडताना: वाढलेले हप्ते, आटलेले पर्याय आणि गोळ्यांचा हिशेब

हिशेबवही | १६ नोव्हेंबर २०२५

नमस्कार. मी एकाहत्तर वर्षांचा निवृत्त अभियंता असून शिकागोच्या एका उपनगरात राहतो. इथे चौदा वर्षे नोकरी झाल्यामुळे मला आणि सौभाग्यवतींना मेडिकेअरचा, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांसाठीच्या अमेरिकी सरकारी आरोग्यविम्याचा, पार्ट ए (रुग्णालयाचा खर्च) हप्त्याविना मिळतो, पार्ट बी (डॉक्टरांचा खर्च) आम्ही विकत घेतो आणि औषधांसाठी दोघांच्या दोन स्वतंत्र पार्ट डी योजना आहेत. वर्षातले पाच-सहा महिने आम्ही पुण्यात असतो.

सप्टेंबरच्या अखेरीस विमा कंपनीकडून बदलांची वार्षिक सूचना आली. कंपनीचे नाव देत नाही, कारण अनेक कंपन्यांची चाल एकसारखीच दिसते. माझ्या योजनेचा मासिक हप्ता २०२४ मध्ये २२ डॉलर होता, २०२५ मध्ये ४१ झाला आणि २०२६ साठी तो ६८ होणार आहे. गोळ्या त्याच, माणूस तोच, आणि दोन वर्षांत हप्ता तिपटीहून अधिक! दुसरीकडे आमच्या राज्यात एक-दोन योजना शून्य हप्त्याच्याही दिसतात.

माझी औषधे अशी: रक्त पातळ ठेवण्यासाठी एलिक्विस, मधुमेहासाठी जार्डियन्स, आणि अटोर्व्हास्टॅटिन, अॅम्लोडिपिन व मेटफॉर्मिन ही तीन जेनेरिक. सौभाग्यवती थायरॉइडची आणि रक्तदाबाची अशा दोनच जेनेरिक गोळ्या घेतात. नोंदणीची मुदत ७ डिसेंबरला संपते. माझे प्रश्न दोन आहेत. खर्चावर २,१०० डॉलरची मर्यादा आल्यामुळे औषधे स्वस्त झाली असे सगळीकडे वाचायला मिळत असताना हप्ते का वाढत आहेत? आणि शून्य हप्त्याच्या योजनेवर विश्वास ठेवावा का?

आकडेमोड | १६ नोव्हेंबर २०२५

काका, पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबवून देतो, कारण तुमचे दोन्ही प्रश्न एकाच मुळाशी जातात.

पार्ट डी १ जानेवारी २००६ पासून सुरू झाला. त्याचा कायदा डिसेंबर २००३ मधला. सरकारने औषधविमा स्वतः न चालवता खासगी कंपन्यांकडे सोपवला आणि औषधांच्या भावाबाबत कंपन्या व उत्पादक यांच्या वाटाघाटीत सरकारने पडू नये, असे कलमच त्यात घातले. २००६ ची प्रमाणित योजना अशी होती: पहिले २५० डॉलर तुमचे, त्यानंतर एकूण खर्च २,२५० डॉलर होईपर्यंत चौथा हिस्सा तुमचा, त्यानंतर तुमच्या खिशातून गेलेली रक्कम ३,६०० डॉलर होईपर्यंत सगळा भार तुमच्यावर, आणि त्याही पलीकडे पाच टक्के. मधल्या त्या खड्ड्याला लोक ‘डोनट होल’ म्हणत. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याने तो हळूहळू बुजवत आणला, पण शेवटच्या पाच टक्क्यांना कसलीच वरची सीमा नव्हती. कर्करोगाची महाग गोळी घेणाऱ्याला ते पाच टक्केच वर्षाला हजारो डॉलरचे पडत.

ऑगस्ट २०२२ मध्ये इन्फ्लेशन रिडक्शन अॅक्ट झाला आणि बदल टप्प्याटप्प्याने आले. २०२३ पासून इन्सुलिनला महिना ३५ डॉलरची मर्यादा आणि शिफारस असलेल्या लसी विनामूल्य, २०२४ पासून ते पाच टक्के रद्द, २०२५ पासून खिशातल्या खर्चावर २,००० डॉलरची वार्षिक मर्यादा. ती २०२६ साठी २,१०० झाली.

कळीचा मुद्दा पुढे आहे. तुम्ही मर्यादा गाठल्यावर औषधाचे पैसे कोणी भरायचे? पूर्वी त्या टप्प्यातला ऐंशी टक्के भार मेडिकेअर उचलत असे आणि कंपनीच्या वाट्याला पंधरा-वीस टक्के येत. २०२५ पासून ब्रँडेड औषधांसाठी ही वाटणी कंपनी साठ टक्के, उत्पादक वीस टक्के आणि मेडिकेअर वीस टक्के अशी झाली. महाग औषध घेणाऱ्या रुग्णाचा भार आता कंपनीच्या अंगावर येतो. ती भरपाई कंपनी तीन ठिकाणांहून काढते: हप्ता, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम), आणि ठरावीक को-पेऐवजी (दर खेपेला औषधामागे भरायच्या ठरलेल्या रकमेऐवजी) किमतीची टक्केवारी. डिडक्टिबलची कमाल रक्कम २०२४ मध्ये ५४५, २०२५ मध्ये ५९० आणि २०२६ साठी ६१५ डॉलर आहे, आणि पूर्वी डिडक्टिबल न लावणाऱ्या कित्येक योजना आता ते पूर्ण लावतात.

म्हणजे वर्षाला वीस हजारांचे औषध घेणाऱ्या माणसाची मोठी सुटका झाली आणि तिची किंमत, थोडी थोडी करून, दोन जेनेरिक गोळ्या घेणाऱ्यांसह सगळ्यांमध्ये विभागली गेली. विम्याचे कामच ते असल्याने माझी त्याबद्दल तक्रार नाही. मात्र ‘औषधे स्वस्त झाली’ हा मथळा अर्धाच आहे.

नदीकाठ | १७ नोव्हेंबर २०२५

आकडेमोड, एक शंका आहे. राष्ट्रीय मूळ हप्ता तर दर वर्षी सहा टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही ना? मग २२ चे ६८ कसे होतात?

आकडेमोड | १७ नोव्हेंबर २०२५

शंका रास्त आहे. मूळ हप्ता २०२४ मध्ये ३४.७०, २०२५ मध्ये ३६.७८ आणि २०२६ साठी ३८.९९ डॉलर आहे. दोन्ही वेळा वाढ बरोबर सहा टक्के, म्हणजे कायद्याने घातलेल्या मर्यादेइतकी. पण ती मर्यादा सरकारी सूत्रातल्या राष्ट्रीय आकड्याला आहे, तुमच्या योजनेच्या हप्त्याला नाही. प्रत्यक्ष हप्ते शून्यापासून शंभराच्या वरपर्यंत पसरलेले आहेत.

स्वतंत्र औषध योजनांचे हप्ते एकदम भडकू नयेत म्हणून सरकारने २०२५ मध्ये एक ऐच्छिक प्रयोग सुरू केला. त्यात सहभागी योजनांच्या मूळ हप्त्यात महिना १५ डॉलरची सूट होती आणि वर्षभरातली वाढ ३५ डॉलरच्या आत ठेवण्याचे बंधन होते. २०२६ साठी सूट १० डॉलरवर आली आणि वाढीची मर्यादा ५० वर गेली. काकांच्या हप्त्यातली १९ आणि २७ डॉलरची वाढ दोन्ही वर्षी नियमात बसते. हा आधार टप्प्याटप्प्याने काढून घेतला जात आहे, हे लक्षात ठेवून २०२७ चा विचार करावा.

तिसरीघंटा | १७ नोव्हेंबर २०२५

हिशेबवही, तुम्ही दोघे मेडिकेअर अॅडव्हान्टेजमध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या वतीने खासगी कंपनी चालवते त्या योजनेत, का जात नाही, हे मला समजत नाही. माझ्या योजनेत रुग्णालय, डॉक्टर आणि औषधे एकत्र आहेत, वेगळा हप्ता शून्य, दातांसाठी थोडी रक्कमही मिळते. स्वतंत्र पार्ट डीची बाजारपेठ आटत चालली आहे. देशभरात २०२४ मध्ये अशा ७०९ योजना होत्या, २०२५ मध्ये ४६४ उरल्या आणि २०२६ साठी सुमारे ३६०. म्युच्युअल ऑफ ओमाहासारखी जुनी कंपनी २०२५ मध्ये या व्यवसायातून बाहेर पडली. बुडत्या होडीत कशासाठी बसायचे?

हिशेबवही | १८ नोव्हेंबर २०२५

तिसरीघंटा, आपण दिलेले आकडे पाहून मीही चरकलो. तरी आमचे कारण पुण्याशी जोडलेले आहे. अॅडव्हान्टेज योजनेच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास साधारणतः नाव कमी केले जाते. स्वतंत्र औषध योजनेत हीच सवलत बारा महिन्यांपर्यंत आहे. गेल्या वर्षी धाकट्या भावाच्या आजारपणामुळे आम्ही पुण्यात जवळजवळ सात महिने राहिलो. अॅडव्हान्टेजमध्ये असतो तर परत आल्यावर नव्याने धावाधाव करावी लागली असती.

आकडेमोड | १८ नोव्हेंबर २०२५

काकांचा मुद्दा पटला, आणि त्याला आणखी एक जोड देतो. बाजार अॅडव्हान्टेजकडे झुकण्याचे कारण त्या योजनांचे व्यवस्थापन अधिक चांगले आहे, हे नव्हे. त्यांना मेडिकेअरकडून पार्ट ए व बीच्या सेवांसाठी जी रक्कम मिळते, तिच्यातली बचत त्या औषधांचा हप्ता कमी करण्यासाठी वापरू शकतात. स्वतंत्र योजनेकडे असा दुसरा खिसाच नसतो. त्यामुळे साठ टक्क्यांचा नवा भार दोघांवर सारखाच आला, तरी एकाने तो झाकला आणि दुसऱ्याने तो हप्त्यात दाखवला. आज पार्ट डीचे संरक्षण असलेल्या पाच कोटींहून अधिक लोकांपैकी निम्म्याहून जास्त अॅडव्हान्टेजमधून औषधे घेतात.

या झुकावाचा फटका ज्यांना सर्वांत आधी बसतो, त्यांत आपल्याकडचे दोन देशांत राहणारे आई-वडील आहेत, असे माझे मत आहे. ज्यांना मूळ मेडिकेअरच (थेट सरकारी पार्ट ए व बी) सोयीचे आहे, त्यांच्यापुढची यादी दर ऑक्टोबरला आखूड होत जाते.

शिवाय अॅडव्हान्टेजमधून परत मूळ मेडिकेअरमध्ये यायचे ठरवले, तर मेडिगॅप, म्हणजे मूळ मेडिकेअर न भरत असलेला हिस्सा भरणारा पूरक विमा, मिळेलच याची खात्री नसते. पार्ट बी सुरू झाल्यानंतरचे पहिले सहा महिने उलटले की बहुतेक राज्यांत, काही ठरावीक प्रसंग सोडता, कंपनी तुमची प्रकृती पाहून नकार देऊ शकते. न्यू यॉर्क, कनेटिकट, मॅसेच्युसेट्स आणि मेन ही चार राज्ये याला अपवाद आहेत. काकांचे राज्य इलिनॉय त्यांत नाही. मूळ मेडिकेअरच्या दाराचे हँडल आतून फिरवायला सोपे आणि बाहेरून फिरवायला अवघड आहे.

तिसरीघंटा | १८ नोव्हेंबर २०२५

मेडिगॅपची ही अट मला कोणी सांगितलीच नव्हती. पासष्टाव्या वर्षी दलालाने घरी येऊन अर्ज भरून दिला होता. माझे सध्या ठीक चालले आहे, तरी हे आधी कळले असते तर निदान विचार केला असता.

औषधपेटी | १९ नोव्हेंबर २०२५

मी टेक्सासमध्ये फार्मासिस्ट म्हणून काम करते. हिशेबवही काका, तुमच्या दोन महाग औषधांमुळे २०२६ मध्ये तुमचा हिशेब मुळातूनच बदलतो, म्हणून तो इथे मांडते.

मेडिकेअरने पहिल्यांदाच ज्या दहा औषधांचे भाव उत्पादकांशी बोलून ठरवले, ते १ जानेवारी २०२६ पासून लागू होत आहेत. तुमची दोन्ही औषधे त्या दहांत आहेत. एलिक्विसचा तीस दिवसांचा सूचीभाव ५२१ डॉलर होता, ठरलेला भाव २३१ आहे. जार्डियन्स ५७३ वरून १९७ वर आले. याच यादीतले जानुव्हिया ५२७ वरून ११३ वर आले आहे. या औषधांना प्रत्येक पार्ट डी योजनेच्या औषधसूचीत जागा देणे बंधनकारक आहे. मात्र कोणत्या टियरमध्ये (सूचीतल्या खर्चाच्या पायरीवर) ठेवायचे आणि औषध देण्याआधी पूर्वसंमती मागायची की नाही, हे योजना ठरवते.

आता प्रमाणित योजना घेऊ. तुमची दोन औषधे जुन्या सूचीभावाने महिना १,०९४ डॉलरची होती. २०२५ चे ५९० डॉलरचे डिडक्टिबल आणि त्यापुढे पंचवीस टक्के धरले, तर माणूस जूनमध्येच २,००० ची मर्यादा गाठत असे. २०२६ मध्ये हीच औषधे महिना ४२८ ची, म्हणजे वर्षाला ५,१३६ डॉलरची होतात. डिडक्टिबलचे ६१५ आणि उरलेल्या ४,५२१ चे पंचवीस टक्के, म्हणजे सुमारे १,१३०. एकूण १,७४५. तुम्ही मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही.

तुमची सध्याची योजना डिडक्टिबल लावत नसेल आणि प्रत्येक ब्रँडेड औषधाला ठरावीक को-पे घेत असेल, तर तो आकडा कळवा. समोरासमोर ठेवून पाहू.

हिशेबवही | १९ नोव्हेंबर २०२५

को-पे प्रत्येकी ४७ डॉलर, डिडक्टिबल नाही. जेनेरिक तिन्ही शून्यात मिळतात.

औषधपेटी | १९ नोव्हेंबर २०२५

मग दोन औषधांचे महिना ९४, म्हणजे वर्षाला १,१२८. हप्ता ६८ गुणिले बारा, ८१६. एकूण १,९४४ डॉलर. शून्य हप्त्याच्या योजनेत डिडक्टिबल ६१५ आणि त्यापुढे पंचवीस टक्के असेल, तर १,७४५. जवळजवळ दोनशे डॉलरचा फरक, आणि तो शून्य हप्त्याच्या बाजूने.

पण इथे थांबू नका. काउंटरवर रोज दिसणाऱ्या चार गोष्टी सांगते. पहिली म्हणजे फार्मसी. योजनेच्या पसंतीच्या फार्मसींत तुमचे कोपऱ्यावरचे दुकान नसेल, तर तीच शून्य डॉलरची जेनेरिक गोळी दहा-पंधरा डॉलरला पडते. दुसरी, टियर. काही योजनांनी ब्रँडेड औषधांसाठी पंचवीसहून अधिक टक्केवारी ठेवली आहे. तिसरी, पूर्वसंमती आणि ‘आधी स्वस्त औषध वापरून पाहा’ ही अट. योजनेने नकार दिला तर डॉक्टरांच्या पत्रासह अपवाद मागता येतो, ७२ तासांत निर्णय द्यावा लागतो आणि तातडी असेल तर २४ तासांत. चौथी, नव्या योजनेच्या पहिल्या नव्वद दिवसांत, आधीपासून चालू असलेले औषध सूचीत नसले तरी एकदा महिन्याभराचा पुरवठा मिळू शकतो. जानेवारीत काउंटरवरून रिकाम्या हाताने परत जाणारे ज्येष्ठ मी दर वर्षी पाहते. या नियमाबद्दल विचारा, विचारल्याशिवाय कोणी सांगेलच असे नाही.

आकडेमोड | २० नोव्हेंबर २०२५

औषधपेटी, तुमच्या हिशेबाच्या पुढचे एक पाऊल टाकतो, कारण २,१०० च्या मर्यादेने निवडीचे गणितच उलटे केले आहे आणि ते फारसे बोलले जात नाही.

मर्यादेत हप्ता धरत नाहीत. समजा, मार्चमध्ये काकांना एखादे महाग औषध नव्याने सुरू झाले. शून्य हप्त्याच्या योजनेत, औषध सूचीत असेल तर, त्यांचा वर्षाचा सर्वांत वाईट खर्च २,१००. सध्याच्या योजनेत तोच सर्वांत वाईट खर्च २,१०० अधिक ८१६, म्हणजे २,९१६ पर्यंत जाऊ शकतो. पूर्वी जास्त हप्ता भरणे म्हणजे मोठ्या संकटापासून बचाव विकत घेणे होते. आता मोठ्या संकटापासूनचा बचाव सगळ्याच योजनांत कायद्याने आलेला आहे, आणि जास्त हप्ता मर्यादेखालच्या खर्चापुरता उपयोगी उरला आहे.

जेसन अबालक आणि जोनाथन ग्रुबर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये पार्ट डीच्या निवडींवर एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्येष्ठ लोक हप्त्याच्या आकड्याला फार वजन देतात आणि पुढे खिशातून जाणाऱ्या अपेक्षित खर्चाला कमी, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या वेळी ती चूक होती. गंमत अशी की आता, वरची मर्यादा आल्यामुळे, हप्त्याकडे आधी पाहण्याची तीच सवय पूर्वीइतकी चुकीची राहिलेली नाही.

नदीकाठ | २१ नोव्हेंबर २०२५

मी न्यू जर्सीत राहते आणि आईचे सगळे कागद सांभाळते, म्हणून ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांच्यासाठी लिहिते.

‘एक्स्ट्रा हेल्प’ नावाची केंद्राची मदत २०२४ पासून विस्तारली आहे. दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मदत मिळते. २०२५ मध्ये एकट्या व्यक्तीसाठी ती सीमा २३,४७५ डॉलर होती. २०२६ मध्ये जेनेरिकला ५.१० आणि ब्रँडेडला १२.६५ डॉलरपेक्षा जास्त को-पे लागत नाही. आईवडील मुलाकडे राहत असले, तरी मुलाचे उत्पन्न त्यात धरत नाहीत. अर्जदार आणि सोबत राहणारा जोडीदार एवढ्यांचेच पाहतात.

पण मालमत्तेचीही सीमा आहे, २०२५ मध्ये एकट्यासाठी १७,६०० डॉलर, आणि इथेच आपली मंडळी अडखळतात. स्वतः राहत असलेले घर त्यातून वगळतात, दुसरी स्थावर मालमत्ता वगळत नाहीत. आईच्या नावावरचा कोथरूडचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी मोजल्यावर आमचा अर्ज तिथेच संपला. ‘भारतातले कोण बघतंय’ असा सल्ला देणारे भेटतील, पण अर्जाखाली आपण खरी माहिती दिल्याची सही करत असतो.

आम्हाला आधार मिळाला तो राज्याच्या ‘पॅड’ योजनेचा. न्यू जर्सीतल्या पासष्टीपुढच्या लोकांना त्यात जेनेरिकसाठी ५ आणि ब्रँडेडसाठी ७ डॉलर पडतात, उत्पन्नाची सीमा केंद्रापेक्षा बरीच सैल आहे आणि मालमत्ता विचारत नाहीत. न्यू यॉर्कमध्ये राज्याची अशीच ‘एपिक’ योजना आहे. तिथे एकट्याला ७५,००० आणि जोडप्याला १,००,००० डॉलर उत्पन्नापर्यंत अर्ज करता येतो.

फ्लॅटचा विषय निघाला म्हणून आणखी एक. तो विकलात तर नफा इथल्या कर विवरणपत्रात येतो आणि दोन वर्षांनी पार्ट बी आणि पार्ट डी दोन्हींवर अधिभार लागू शकतो. २०२६ साठी २०२४ चे विवरणपत्र पाहिले जाते. जोडप्याचे उत्पन्न २,१८,००० डॉलरच्या वर गेले, तर पार्ट डीवर प्रत्येकी किमान १४.५० डॉलर महिना. मालमत्ता विकणे हे अधिभार माफ होण्याच्या कारणांत बसत नाही.

शनिवारपेठ | २२ नोव्हेंबर २०२५

मी बहुतांश काळ पुण्यातच असतो, सहज विचारतो. जार्डियन्समधल्या एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले. जी गोळी साठ रुपयांच्या आसपास मिळायची, तिचे जेनेरिक काही कंपन्यांनी दहा रुपयांच्या आत आणले आहे. मग पार्ट डी सोडून द्यावा आणि येताना औषधे घेऊन यावीत, असे का करू नये?

औषधपेटी | २२ नोव्हेंबर २०२५

पुण्यात असताना पुण्यात घेतलेली औषधे तुम्ही खाता, त्यात गैर काही नाही. इथल्या डॉक्टरांना ब्रँड आणि मात्रा मात्र कळवा. पण इथे आणण्याचा नियम वेगळा आहे. स्वतःसाठी परदेशातून औषध आणणे बहुतेक वेळा नियमाबाहेरच असते. साधारण नव्वद दिवसांपुरत्या औषधाकडे कानाडोळा केला जातो, पण तो हक्क नव्हे. तिथल्या दुकानात भरलेला एकही रुपया २,१०० च्या मर्यादेत मोजला जात नाही. इथल्या सवलत कूपनांवर विम्याबाहेर घेतलेल्या औषधाचे पैसेही आपोआप मोजले जात नाहीत.

एलिक्विसबद्दल वेगळे सांगते. त्याचे जेनेरिक भारतात सहज मिळते, इथे ते १ एप्रिल २०२८ च्या आधी येणार नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधात खंड पडणे धोक्याचे असते. बॅग हरवली किंवा विमानतळावर अडवली, तर पाच दिवस गोळीविना काढू नका, इतके कृपया ऐका.

नदीकाठ | २२ नोव्हेंबर २०२५

शनिवारपेठ, पार्ट डी सोडण्याआधी दंडाचा हिशेब करा. इथे राहत असताना सलग ६३ दिवस किंवा अधिक काळ पार्ट डी किंवा त्याच्या तोडीचे संरक्षण नसेल, तर प्रत्येक पूर्ण महिन्याला राष्ट्रीय मूळ हप्त्याचा एक टक्का दंड लागतो, आणि तो पार्ट डी असेपर्यंत सुटत नाही. तीस महिने राहून गेले, तर २०२६ च्या ३८.९९ वर तीस टक्के, म्हणजे महिना ११.७० डॉलर, मूळ हप्ता वाढला की दंडही वाढतो. भारतातला आरोग्यविमा तोडीचा मानला जात नाही. माझ्या आईने ‘एकही गोळी चालू नाही, कशाला हवा’ म्हणून दीड वर्ष घालवले होते. ती आजही त्याची किंमत भरते.

ज्यांच्याकडे अजून नोकरीचा विमा आहे, त्यांनी दर वर्षी येणारे ‘तोडीचे संरक्षण’ असल्याचे पत्र या वेळी नीट वाचावे. पार्ट डीच अधिक उदार झाल्यामुळे काही नोकरीच्या योजना त्या तुलनेत कमी पडू लागल्या आहेत.

तिसरीघंटा | २७ नोव्हेंबर २०२५

मेडिकेअरने दुसऱ्या फेरीत ठरवलेले पंधरा औषधांचे भाव परवा जाहीर झाले. ते २०२७ पासून लागू होतील. मधुमेह व वजनासाठीच्या ओझेम्पिक, रायबेल्सस आणि वेगोव्ही यांच्यातले सेमाग्लुटाइड २७४ डॉलरला ठरले आहे. मी ओझेम्पिक घेते, त्यामुळे पुढच्या ऑक्टोबरला माझा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. या धाग्यावर तोपर्यंत टाळे लावू नये, अशी व्यवस्थापकांना विनंती.

हिशेबवही | २ डिसेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. औषधपेटीताईंनी सांगितलेल्या चार गोष्टी कागदावर लिहून मी मेडिकेअरच्या संकेतस्थळावरच्या योजनाशोधकात पाचही औषधे, मात्रा आणि दोन फार्मसी भरल्या. नंतर जिल्हा ग्रंथालयात बसणाऱ्या राज्याच्या विनामूल्य सल्लागार बाईंकडूनही तपासून घेतले. असे सल्लागार प्रत्येक राज्यात आहेत, ते काही विकत नाहीत, आणि मला त्यांची माहिती इतक्या वर्षांत नव्हती.

निष्पन्न असे झाले. शून्य हप्त्याच्या योजनेत जार्डियन्सला पूर्वसंमती नाही, एलिक्विसलाही नाही, आणि दोन्हींवर पंचवीस टक्केच आहेत. पण आमचे नेहमीचे दुकान पसंतीच्या यादीत नसल्यामुळे तिन्ही जेनेरिक मिळून तिथे महिना २४ डॉलर पडले असते, म्हणजे वर्षाला २८८, आणि दोनशेंचा फायदा तिथेच उलटला असता. दोन मैलांवरची दुसरी फार्मसी यादीत आहे आणि तिथे जेनेरिक शून्यात मिळतात. त्यामुळे दुकान बदलले आणि योजनाही बदलली. वीस वर्षांच्या ओळखीच्या फार्मासिस्टला हे सांगताना संकोच वाटला. त्यानेच हसून सांगितले की या महिन्यात तो हेच वाक्य रोज ऐकतो.

सौभाग्यवतींनी त्यांच्या दोन जेनेरिक गोळ्यांसाठी शून्य हप्त्याचीच दुसऱ्या कंपनीची योजना घेतली. तिथे डिडक्टिबल पहिल्या दोन टियरना लागू नाही, म्हणून त्यांचा वर्षाचा खर्च जवळजवळ शून्य दिसतो.

जानेवारीत डिडक्टिबलमुळे माझे ४२८ आणि फेब्रुवारीत २४७ डॉलर जातील, त्यानंतर महिना १०७. हा सुरुवातीचा भार वर्षभर विभागून भरण्याची बिनव्याजी सोय २०२५ पासून सर्व योजनांत आहे असे कळले. त्यासाठी योजनेला फोन करून वेगळी नोंद करावी लागते. ती डिसेंबरातच करून ठेवतो.

एक प्रश्न उरतो. आम्ही १२ जानेवारीला पुण्याला निघणार. नवी योजना १ तारखेला सुरू झाल्यावर लगेच नव्वद दिवसांचा पुरवठा एकदम मिळेल का?

औषधपेटी | २ डिसेंबर २०२५

काका, बहुतेक योजना देतात, पण प्रिस्क्रिप्शनवरच नव्वद दिवस लिहिलेले हवे. डॉक्टरांकडून ते डिसेंबरातच नव्या फार्मसीकडे पाठवून ठेवा आणि २ जानेवारीला भरायला सांगा, म्हणजे पूर्वसंमतीचा काही घोळ निघाला तरी हातात दहा दिवस राहतील. तुम्ही त्यापेक्षा जास्त थांबणार असाल, तर प्रवासासाठी जादा पुरवठ्याची विनंती फार्मसी योजनेकडे पाठवू शकते; तिकिटाची प्रत जवळ ठेवा. आणि नव्वद दिवसांचे बिल एकदम आले, तर पहिल्या दिवशी तो आकडा हजाराच्या आसपास असेल हे लक्षात घ्या: ६१५ डिडक्टिबल आणि उरलेल्या ६६९ चे पंचवीस टक्के, म्हणजे ७८२ डॉलर. खर्च विभागून भरण्याची नोंद त्याआधीच झालेली असू द्या.

हिशेबवही | ३ डिसेंबर २०२५

हजार आणि ७८२ यांत फरक आहे, ताई. अभियंत्याच्या नजरेतून तो सुटत नाही. पण सूचना अचूक आहे. आज सकाळीच योजनेला फोन लावला, पंचेचाळीस मिनिटे संगीत ऐकले आणि नोंद झाली.

औषधपेटी | ३ डिसेंबर २०२५

‘आठशेच्या आसपास’ असे वाचावे. प्रवास सुखाचा होवो, आणि गोळ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत, मूळ बाटल्यांसकट ठेवा.